एरंडोलच्या अलीकडे थांबलेली गाडी

फोन माईंचा होता, म्हणजे माझ्या सासूबाईंचा. मी कारखान्याच्या स्टोअरमध्ये एका ठेकेदाराला पाइपांचे जोड काढून देत होतो. "आबा गेले," माई म्हणाल्या. "दुपारचं जेवून पडले होते, ते उठलेच नाहीत. घाई करू नका, सावकाश या." मी "बरं" म्हणालो. फोन खिशात ठेवला, ठेकेदाराचा उरलेला माल काढून दिला, त्याची सही घेतली, रॅकचं दार ओढून कुलूप लावलं. मग साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं की सासरे वारले, धुळ्याला जावं लागेल. साहेब भले गृहस्थ आहेत, पण क्षणभर ते गोंधळले. माझी बायको जाऊन काही वर्षं झाली हे त्यांना ठाऊक होतं. "म्हणजे... वहिनींचे वडील?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. "जा, जा," ते म्हणाले. हा प्रश्न तेराव्यापर्यंत मला बऱ्याच जणांनी विचारला, कुणी शब्दांत, कुणी नुसतं बघून.

जळगावहून धुळ्याची एसटी लगेच मिळाली. खिडकीशी बसलो. पिंप्राळ्याचं माझं घर मागे गेलं, पाळधी गेली, दोन्हीकडे कपाशी होती. पारोळा आलं हे कंडक्टरनं हाक दिल्यावर कळलं. मधल्या रस्त्यावर मी काय बघत होतो ते मला सांगता येणार नाही. देवपुरात उतरून घरापर्यंत चालत गेलो. अंगणात भाड्याच्या खुर्च्या आल्या होत्या, पत्र्याच्या शेडमध्ये आबांची गाडी उभी होती आणि तिला टेकून त्यांच्या शाळेतले दोन-तीन निवृत्त शिक्षक हळू आवाजात बोलत होते. आत जाऊन मी पाया पडलो. माई भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. "चहा घेतला का कुठं?" त्यांनी विचारलं. रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही. एक मित्र म्हणाला, लिहून बघ, म्हणून हे लिहितोय.

आबा धुळ्यातल्या एका हायस्कुलात भूगोल शिकवायचे. तापीचं पात्र ते फळ्यावर खडू न उचलता काढत, मुलताईपासून सुरतेच्या खाडीपर्यंत, आणि मग पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा अशा एकेक नद्या तिला आणून मिळवत. त्यांची गाडी त्यांनी गावातल्याच एका डॉक्टरांकडून घेतली होती. फिकट आकाशी रंग, चौकोनी तोंड, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. ती बनवणारा कारखाना कधीचाच बंद पडलाय. वैशाली, त्यांची एकुलती एक मुलगी आणि माझी बायको, तेव्हा शाळेत होती. मागच्या सीटवर बसून ती नाशिक, शिरपूर, सप्तशृंगी सगळं हिंडली. पेट्रोल पंपावर गाडी थांबली की ती मुद्दाम काच खाली करायची, तिला तो वास आवडायचा, आणि माई पदर नाकाला लावायच्या. हे तिनंच मला सांगितलेलं.

लग्नानंतर मी त्या घरचा जावई झालो, आणि आबांच्या दृष्टीनं जावई म्हणजे पाट-रांगोळी करून बसवायचा माणूस. "या जावईबापू, प्रवास कसा झाला? तिकडे पाऊसपाणी कसं आहे?" मी म्हणायचो, बरा आहे. त्यावर ते म्हणायचे, बरा म्हणजे किती? भूगोलाच्या शिक्षकाशी हवापाण्यावर बोलणंही सोपं नसतं. मग जेवण व्हायचं, मला पडायला उशी मिळायची, आणि ते शेडमध्ये गाडीपाशी जायचे. मी मागे गेलो तर म्हणायचे, "तुम्ही कशाला हात खराब करता?" आम्हाला मूलबाळ झालं नाही. त्याबद्दल त्यांनी मला कधी एक शब्द विचारला नाही. वर्षानुवर्षं आमचं एवढंच बोलणं होतं, आणि दोघांचंही त्यात काही अडत नव्हतं.

खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात. त्या वर्षीची आखाजी जवळ आली होती आणि वैशालीनं माहेरी न्यायच्या साड्या पलंगावर काढून ठेवल्या होत्या. सकाळी चहा करता करता ती स्वयंपाकघरात खाली बसली. "डोकं..." एवढं म्हणाली आणि आडवी झाली. रिक्षात घालून तिला दवाखान्यात नेलं. मेंदूत रक्तस्राव आहे म्हणाले. मी धुळ्याला फोन केला की आबा, वैशालीला दवाखान्यात आणलंय, निघा. गाडी दारात होती, ते आणि माई तसेच गाडीत बसून निघाले. पारोळा ओलांडलं, आणि एरंडोलच्या अलीकडे गाडीनं झटके द्यायला सुरुवात केली. कडेला घेईपर्यंत ती बंद पडली. ऊन भाजून काढत होतं. आबांनी बोनेट उघडलं, वायरी हलवून पाहिल्या, परत परत चावी फिरवली. इंजिन नुसतं घरघर करायचं, पेटायचं नाही. शेवटी बॅटरी उतरली. केळी उतरवून परत चाललेला एक रिकामा टेम्पो थांबला, त्यानं माईंना केबिनमध्ये घेतलं आणि आबा मागच्या हौद्यात उभे राहिले. दवाखान्याच्या दारात ते उतरले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या शर्टावर केळीच्या चिकाचे डाग होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

ते पारोळ्यालाही पोचले नव्हते तेव्हाच वैशाली गेली होती. गाडी सुरळीत आली असती तरी भेट झाली नसती. हे मी त्यांना त्याच आठवड्यात सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं. आबा माझ्याशी नेहमी शाळेतलं मराठी बोलत. त्या दिवशी पहिल्यांदा अहिराणीत बोलले. "माले माहीत शे," ते म्हणाले. मग परत मराठीत, "तरी गाडी का थांबली, ते समजलं पाहिजे."

गाडी त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं दोर बांधून धुळ्याला आणून दिली होती. नवी बॅटरी घातल्यावर पहिल्याच चावीला सुरू झाली. धुळ्यातल्या मेकॅनिकनं कार्बोरेटर उघडून साफ केला, प्लग बदलले, शहरात फेरी मारून आणली. "आबा, चालते की एक नंबर!" आबा म्हणाले, इथं चालतेच. इथं ती कधी थांबली नव्हती.

मला वाटलं होतं की आता धुळ्याचं येणं-जाणं हळूहळू संपेल. कुणी तोडायचं ठरवलं नव्हतं, पण धागा राहिला नव्हता. फोनवर आबा मला काय म्हणावं तेही ठरवू शकत नव्हते. 'जावईबापू' सुटलं होतं, दुसरं काही सापडलं नव्हतं, म्हणून ते हाक न मारता थेट बोलायला लागायचे. असाच एकदा फोन आला. "गाडी लळिंगच्या घाटात बंद पडली. अर्ध्या तासानं आपोआप सुरू झाली. रविवारी मोकळे आहात का?" मी मोकळाच होतो. घरी बसून भिंतीकडे बघण्यापेक्षा एसटीत बसणं सोपं होतं. गेलो.

तेव्हापासून रविवार लागला. दर रविवारी नाही, पण महिन्यातून एक-दोन तरी. ओट्यावर जुनी वर्तमानपत्रं पसरून आबा बसायचे आणि मी हाताखाली. मोटारीतलं मला काहीच कळत नव्हतं आणि आबांनाही फारसं कळत नव्हतं, हे पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं. त्यांच्याकडे फक्त पद्धत होती. "पेट्रोल टाकीतून निघतं," ते म्हणाले, "नळीतून पुढे येतं, पंप त्याला ओढून वर देतो, मग कार्बोरेटर. एवढाच प्रवास आहे. कुठंतरी अडतंय. आपण उगमापासून सुरुवात करू." म्हणून पहिल्या हिवाळ्यात आम्ही टाकी खाली उतरवली. आत डिझेल ओतलं, मूठभर नटबोल्ट टाकले, आणि दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून तिला झोपाळ्यासारखं हलवलं. ओतलं तेव्हा चहासारखा गंज बाहेर आला. आबा उकिडवे बसून त्या गंजाकडे बराच वेळ बघत राहिले. "हेच असणार," ते म्हणाले. फिल्टर नवा घातला. तो सगळा हिवाळा गाडी कुठं थांबली नाही. मी गेलो की आम्ही धुळ्याबाहेर लळिंगपर्यंत फेरी मारायचो, तिथल्या किल्ल्याच्या पायथ्याशी टपरीवर चहा घ्यायचो, परत यायचो. मग चैत्र लागला, उन्हं तापली, आणि घाटाच्या अर्ध्यात तेच झटके, तीच घरघर.

त्या टपरीवरचा एक प्रसंग सांगतो. गाडी बंद पडून कडेला उभी होती आणि आम्ही बाकावर बसून ती थंड होण्याची वाट बघत होतो. टपरीवाला आम्हाला ओळखायला लागला होता. त्यानं आबांना विचारलं, "हे तुमचे चिरंजीव का, गुरुजी?" आबा म्हणाले, "जावई." "असं होय. जळगावला दिली का पोरगी? बरी शे ना?" मी कपात बघत बसलो. आबांनी चहाचा घोट घेतला. "बरी शे," ते म्हणाले. टपरीवाल्याचं समाधान झालं, तो भजी तळायला गेला. त्या दिवसापासून आबा मला नावानं हाक मारायला लागले. विजयराव.

पुढचे दोन उन्हाळे उष्णतेच्या मागे गेले. धुळ्यातले सगळे म्हणायचे, पेट्रोलची वाफ होते, नळीत हवा धरते, पंपावर ओलं फडकं टाका. आम्ही टाकलं. गाडी सुरू झाली. सगळे म्हणाले, बघा. आबांना मात्र ते पटेना. पुढच्या वेळी ती थांबली तेव्हा त्यांनी मला फडकं टाकू दिलं नाही. आम्ही नुसते बसून राहिलो, तेवढाच वेळ. मग चावी फिरवली आणि ती सुरू झाली. "फडक्यानं नाही झालं विजयराव," ते म्हणाले. "थांबण्यानं झालं. थांबल्यावर काय सुटतं, ते बघायचं." कुणी म्हणालं, टाकीच्या झाकणाचं भोक बुजलं असेल, आत हवा जात नसेल. थांबल्याबरोबर झाकण उघडून पाहिलं, काही फरक नाही. मग पंप उघडला. आतल्या रबराचा पडदा कडक होऊन त्याला बारीक चिरा गेल्या होत्या. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, जुन्या रबराला ते मानवत नाही, असं दुकानदार म्हणाला. नवा पडदा बसवला. पुन्हा वाटलं, झालं. पुन्हा तीन-चार महिने बरे गेले. या सगळ्यात आम्ही वैशालीचं नाव घेतलं नाही. घ्यायचं नाही असं ठरलं नव्हतं. हातात पाना असायचा, कुठला नट सैल करायचा ते बोलायचं असायचं, आणि दुपार होऊन जायची. माई आतून हाक मारायच्या, कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी आणि शेवभाजी असायची, जेवताना आबा पंपाबद्दल बोलायचे. मी माईंकडे बघायचो. त्या भाकरी मोडून आबांच्या ताटात टाकत असायच्या.

एकदा मी गाडीखाली आडवा होतो आणि आबा वरून टॉर्च धरून उभे होते. वरूनच त्यांनी विचारलं, "त्या भुसावळच्या स्थळाचं काय झालं?" माझ्या बहिणीनं माझ्यासाठी एक स्थळ काढलं होतं. बाई दीपनगरच्या वसाहतीत राहणाऱ्या, त्याही एकट्या होत्या. ही बातमी धुळ्यापर्यंत कशी गेली कुणास ठाऊक. "नाही म्हणालो," मी खालून सांगितलं. "का?" वरचा उजेड जरा हलला, मग परत स्थिर झाला. "करून घ्या," आबा म्हणाले. "माईंचंही तेच मत आहे. पण रविवारी येत जा." मी नट फिरवत राहिलो. ते लग्न झालं नाही, त्याची कारणं वेगळी होती. पण गाडीखालून मला त्या वेळी त्यांचे फक्त पाय दिसत होते, चपलेतले, टाचांना भेगा पडलेले, आणि ते वाक्य आठवलं की मला आबांचा चेहरा आठवतच नाही, ते पायच दिसतात.

नेमका दोष सापडला तो आखाजीलाच. वैशाली गेल्यापासून आखाजीला मी जायचो. माईंनी सकाळी पितरांची घागर भरली, पुरणपोळी आणि आंब्याच्या रसाचा नैवेद्य दाखवला. त्या घागरीत आता लेकीचंही पाणी होतं. आबांनी हात जोडले आणि म्हणाले, "चला, ऊन चांगलं झालंय." आम्ही घाटाकडे निघालो. त्या दिवशी त्यांनी काचेची एक बाटली, पेट्रोलचा छोटा कॅन आणि नळीचा एक तुकडा बरोबर घेतला होता. गाडी थांबली, तीच ती चढाची जागा. आबांनी मला कार्बोरेटरची नळी काढून बाटलीत धरायला सांगितली आणि स्वतः चावी फिरवली. नळीनं दोन-तीन वेळा थुंकल्यासारखं केलं, मग नुसती हवा. "पंपापर्यंत येत नाही, की पंप देत नाही?" आबांनी विचारलं, मला नाही, स्वतःलाच. मग कार्बोरेटरची नळी परत जोडून त्यांनी मागून पंपाकडे येणारी नळी सोडवली आणि आणलेल्या तुकड्याचं एक टोक पंपाला, दुसरं कॅनमध्ये घातलं. चावी फिरवली. पंपानं कॅनमधलं पेट्रोल ओढलं आणि तापलेल्या उन्हात, एक मिनिटही न थांबता, इंजिन सुरू झालं. आबांनी लगेच बंद केलं. "पुढचं सगळं बरोबर आहे," ते म्हणाले. "मागे आहे. टाकी आणि पंपाच्या मध्ये आहे."

मधल्या त्या रस्त्यात आम्ही सगळ्यांनी किती वेळा तपासलं होतं! प्रत्येक मेकॅनिकनं पुढून हवा मारली होती आणि प्रत्येक वेळी टाकीत बुडबुडे ऐकू आले होते. नळी मोकळी होती. आबा गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले. "टाकीजवळ एक रबरी तुकडा आहे ना वर?" होता. टाकी आणि लोखंडी नळी यांना जोडणारा, टाकीच्या वरच्या अंगाला दडलेला, वीतभर. टाकी धुतली तेव्हा तो तसाच परत जोडला होता, बाहेरून अगदी चांगला दिसत होता. मी खाली शिरलो. अंगावर पेट्रोल सांडून घेत तो सोडवला आणि आबांच्या हातात दिला. त्यांनी त्यातून आकाशाकडे पाहिलं, मग माझ्यापुढे धरला. पलीकडचा उजेड दिसत होता. त्यांनी त्यात फुंकलं, हवा सरळ गेली. मग त्यांनी ओठ लावून ती ओढली. त्यांचे गाल आत गेले, अगदी खोल, म्हाताऱ्या माणसाचे जातात तसे, आणि तसेच राहिले. हवा येत नव्हती. त्यांनी नळी माझ्या तोंडाला लावली. मीही ओढून पाहिलं. फुंकलं तर मोकळी, ओढलं तर बंद.

आबांनी खिशातलं ब्लेड काढून ती उभी चिरली. आतला थर मऊ होऊन सुटला होता, दुधावरच्या सायीसारखा. पेट्रोल जोरात ओढलं जायचं, म्हणजे चढावर, किंवा घाईनं चालवताना, तेव्हा उन्हानं आणखी मऊ पडलेला तो पापुद्रा आडवा येऊन वाट बंद करायचा. गाडी थांबली की ओढ थांबायची आणि पापुद्रा हळूहळू परत जागेवर जायचा. म्हणून थांबल्यावर सुरू व्हायची. म्हणून गावात कधी थांबायची नाही. त्या दिवशी ते घाईत होते. पारोळ्यापासून त्यांनी गाडी जितकी पळेल तितकी पळवली होती. हे त्यांच्या लक्षात आलं ते मला त्यांच्याकडे बघून कळलं. "इतलंच शे," आबा म्हणाले. रस्त्याच्या कडेच्या दगडावर ते बसले. मी बसलो. ट्रक जात होते. त्यांच्या तळहातावर तो चिरलेला रबराचा तुकडा उघडा पडला होता आणि ते बोटानं तो पापुद्रा उचलत होते, सोडत होते, उचलत होते. त्या दिवशी हळू चालवली असती तर ती थांबली नसती, असं त्यांच्या मनात आलं असेल का? आलं असेलच. हळू चालवली असती तरी काही बदललं नसतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, आणि त्या माहितीचा तिथं काही उपयोग नव्हता.

आणलेला नळीचा नवा तुकडा तिथं जोडून आम्ही घरी आलो. माई ओट्यावर उभ्या होत्या. त्यांनी आबांचा चेहरा पाहिला. "सापडलं का?" "सापडलं." माईंनी मान हलवली. "मग आता जेवून घ्या," त्या म्हणाल्या. "पोळ्या वाळून चालल्या."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आबांचा फोन आला. "आम्ही दोघं निघतोय. घरी आहात ना?" वैशालीच्या दहाव्यानंतर आबा माझ्या घरी एकदाही आले नव्हते. मी दार उघडं ठेवून फाटकाशी उभा राहिलो. आत जायचो, फरशी पुसलेली आहे ना बघायचो, परत बाहेर यायचो. फोन करावासा वाटला, पण चालवताना त्यांना फोन आवडत नसे. दुपार कलायला लागली तेव्हा कोपऱ्यावरून ती आकाशी गाडी वळली, अगदी हळू, आणि फाटकाशी येऊन उभी राहिली. आबांनी इंजिन बंद केलं नाही. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून ते समोर बघत बसले होते. इंजिन एका लयीत चालू होतं. शेजारची मुलं बघायला जमली. माई मागच्या सीटवरून उतरल्या आणि सरळ आत गेल्या. मी खिडकीशी वाकलो. "कुठं थांबली नाही," आबा म्हणाले. "एरंडोलला चहा घ्यावा म्हणत होत्या माई, मीच नाही थांबलो." मग म्हणाले, "बंद करू आता?" मी म्हणालो, करा.

माईंनी चहा टाकला होता. साखर कुठं आहे हे त्यांनी विचारलं नाही, डबे अजून वैशालीनं लावले होते तसेच होते. आबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "कुठं पडली होती?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी दाखवलं, ओट्याच्या आणि दाराच्या मधली जागा. आबा गुडघ्यावर हात टेकत खाली बसले. त्यांनी फरशीवर तळहात ठेवला. माई पाठमोऱ्या उभ्या होत्या, चहा उकळत होता, त्यांनी वळून पाहिलं नाही. "गार आहे," आबा म्हणाले. आणखी काही वेळ हात तसाच ठेवला. मग मी त्यांना उठायला हात दिला. तिघांनी तिथंच, स्वयंपाकघरात, बसून चहा घेतला. माई म्हणाल्या, "तिला आलं जास्त लागायचं." आबा म्हणाले, "हो. घसा धरायचा एवढं." त्या दिवशी वैशालीवर आम्ही एवढंच बोललो. पण बोललो. उन्हं उतरायच्या आत ते परत गेले.

त्यानंतरही मी रविवारी जात राहिलो. काम नव्हतं. आबा हॉर्नची वायर, दाराचं बिजागर असलं काही काढून ठेवायचे. मग तेही सुटलं आणि आम्ही ओट्यावर नुसते बसायला लागलो. ते वर्तमानपत्र वाचायचे, मी पुरवणी. कधी एखाद्या ठिकाणाचं नाव आलं की म्हणायचे, "हे कुठं आहे सांगा," आणि मला येत नसे. शेवटच्या रविवारीही असंच बसलो होतो. काही विशेष बोलणं झाल्याचं मला आठवत नाही. मी निघताना ते म्हणाले, "या." नेहमीसारखंच.

तेराव्याला आबांच्या पुतण्यानं गाडीचा विषय काढला. भंगारात द्यावी, शेड मोकळी होईल, माई एकट्या काय करणार, असं त्याचं म्हणणं होतं, आणि त्यात चूक काही नव्हतं. माई "बघू" म्हणाल्या. मला वाटलं, देतील. त्यांना त्या गाडीचं प्रेम कधीच नव्हतं.

गेल्या रविवारी मी गेलो. जायचं कारण काही नव्हतं. माईंनी जेवायला वाढलं, मी ओट्यावर बसलो, वर्तमानपत्र पाहिलं. एसटी उशिराची होती म्हणून रविवारचा पहिल्यांदाच संध्याकाळपर्यंत थांबलो. दिवेलागण झाली, माईंनी देवापाशी दिवा लावला आणि त्या शेडकडे गेल्या. मी मागे गेलो. गाडीचं दार उघडून त्यांनी आत वाकून कसलीशी खुंटी ओढली, मग पुढे येऊन दोन्ही हातांनी बोनेट वर उचललं. जड होतं, मी पुढे झालो, पण तोवर त्यांनी आतली लोखंडी सळई उभी करून त्याला टेकू दिलाही होता. "काय झालं, माई? काही बघायचंय का?" मी विचारलं.

"उंदरं," त्या म्हणाल्या. "बंद राहिलं तर आत घर करतात, नळ्या कुरतडतात. ते रोज तिन्हीसांजेला उघडं करून ठेवायचे." रविवारी मी नेहमी उन्हात येऊन उन्हात गेलो होतो, मला हे माहीत नव्हतं. शेडमध्ये अंधार व्हायला लागला होता. माईंनी सळई एकदा हलवून पाहिली, नीट बसली होती.

"सकाळी उठल्यावर लावून टाकायचं असतं ना?" त्यांनी विचारलं.

मी यायचो तेव्हा बोनेट लावलेलंच असायचं. मी हो म्हणालो.

"मी तसंच करते," त्या म्हणाल्या. "चला, तुमची एसटी चुकेल."